अखेरच्या घटकेला सुरांची सोबत

बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक खेड्यांत वयस्कर माणूस गेले की भजनी मंडळाला निरोप जातो. टाळ-मृदंग घेऊन मंडळी जमतात आणि अंत्ययात्रा भजनाच्या गजरात निघते. माणूस गेल्यावर सुरांची कमी पडत नाही. तो जात असताना मात्र घर गप्प होते. ‘आता त्यांना काही कळत नाही,’ असे म्हणून नातेवाईक खाटेपासून दूर बसतात. कधी तर उशाशीच शेतीच्या वाटणीचा विषय निघतो.

हे टाळायला हवे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधील काही मरणासन्न रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण हाकेला ओ देत नव्हते. तरीही स्वरांच्या क्रमात बदल झाला की त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत निरोगी माणसासारखा प्रतिसाद उमटत होता. ऐकलेल्याचा अर्थ त्यांना कळत होता का, हे यावरून सांगता येत नाही. पण प्रतिसाद नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असे धरून चालणे चूक, एवढे नक्की.

शुद्धीत असलेल्या रुग्णालाही संगीताचा उपयोग होतो. कर्करोगाच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांत संगीतामुळे भीती आणि वेदना काही प्रमाणात कमी झालेल्या दिसल्या. वेदनेची तीव्रता केवळ जखमेवर ठरत नाही. भीती आणि एकटेपणा ती वाढवतात. ओळखीच्या चालीने लक्ष वळते, श्वास संथ होतो, आवळलेले स्नायू सैल पडतात.

मात्र भजन हा औषधाला पर्याय नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येते. वैद्यकीय वापरासाठी ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. बरा न होणारा आजार असला, तरी वेदना कमी करणारी ‘पॅलिएटिव्ह केअर’ मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

घरच्यांना करता येण्याजोगे बरेच आहे. रुग्ण बोलू शकतो तोवरच त्याला काय ऐकावेसे वाटते ते विचारावे. कुणाला अभंग हवा असेल, कुणाला जुने सिनेगीत, कुणाला नातवाचा आवाज, तर कुणाला शांतता. आवाज हळू ठेवावा; कपाळावर आठ्या आल्या किंवा तळमळ वाढली तर थांबावे. खोलीत गर्दी करू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. गंगाजळाचा थेंबही ओल्या कापसाने ओठांना लावावा. श्रद्धाही राखली जाते आणि रुग्णाचा घासही कोंडत नाही.

मरणाशी सूर जोडणारे आपण एकटेच नाही. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. कुटुंबे थडगी फुलांनी सजवतात, गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ मांडतात, कबरीपाशी वादक आणून त्याची आवडती गाणी वाजवतात. तिथले मानाचे फूल म्हणजे आपला झेंडू, जो मूळचा तिकडचाच. आपल्या जिल्ह्यात शेगावचे गजानन महाराज ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला समाधिस्थ झाले. आजही त्यांची पुण्यतिथी भजन-कीर्तनात साजरी होते.

दोन्हीकडे गेलेल्याची आठवण गाण्यातून जपली जाते. ती सोबत थोडी आधी, माणूस ऐकत असेल तेव्हाच, मिळायला हवी. स्मशानाच्या वाटेवर म्हणायचा अभंग आदल्या रात्री उशाशी बसून हळूच म्हटला, हात हातात घेतला, ‘आम्ही इथेच आहोत’ असे सांगितले, तर जाणाऱ्याला धीर मिळेल. मागे राहिलेल्यांनाही निरोप राहून गेल्याची बोच लागणार नाही.