आतड्याचा दाह आणि लोहाची कमतरता

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या दोन आजारांत सगळे लक्ष जुलाब, पोटदुखी आणि शौचावाटे पडणारे रक्त यांच्याकडे लागलेले असते; त्यामुळे सततचा थकवा आणि चढण चढताना लागणारी धाप आजाराचाच भाग म्हणून सोसली जाते, वास्तविक त्यामागे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असतो आणि तो बरा करता येतो.

व्रणांतून होणारा रक्तस्राव लोहाचा साठा रिता करतो, हे सहज कळण्यासारखे आहे. दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. दाह चालू असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि पेशींतून लोह बाहेर सोडणारे प्रथिन ते निकामी करते. परिणामी अन्नातून किंवा गोळीतून आलेले लोह आतड्याच्या पेशींतच अडकते आणि शरीरात साठलेले लोहही अस्थिमज्जेला पुरेसे मिळत नाही. अशा वेळी गोळ्या वाढवून फारसे साधत नाही, उलट न शोषलेले लोह मोठ्या आतड्यात उतरून मळमळ, कळा आणि जुलाब यांचा त्रास वाढवू शकते.

हाच दाह निदानातही दिशाभूल करतो. लोहाचा साठा दर्शवणारे फेरिटिन एरवी दर मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या खाली गेले की कमतरता मानतात. परंतु दाहामुळे फेरिटिन वाढत असल्याने १०० पर्यंतचा, म्हणजे अहवालात 'नॉर्मल' ठरणारा आकडाही कमतरतेचा असू शकतो. म्हणून फेरिटिनच्या जोडीने दाह दर्शवणारे सीआरपी आणि ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाची संपृक्तता पाहणे अत्यावश्यक आहे.

युरोपियन क्रोन्स अँड कोलायटिस ऑर्गनायझेशनच्या २०१५ मधील मार्गदर्शनानुसार रक्तक्षय सौम्य आणि आजार शांत असेल, तर गोळ्या चालतात, त्याही दिवसाला १०० मिलिग्रॅम लोहापेक्षा जास्त नाहीत. आजार भडकलेला असेल, हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १० ग्रॅमच्या खाली असेल किंवा गोळ्या पूर्वी सोसल्या नसतील, तर शिरेतून लोह देणे हाच पहिला उपाय ठरतो. आयर्न सुक्रोज थोडे थोडे करून अनेक बैठकांत द्यावे लागते, तर फेरिक कार्बोक्सीमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते, मात्र त्याने रक्तातील फॉस्फेट घटू शकते. या उपचाराची भीती बरीचशी जुन्या डेक्स्ट्रानयुक्त औषधांच्या तीव्र ॲलर्जीमुळे रुजली. आजच्या औषधांत तो धोका दुर्मीळ आहे, तरीही ती रुग्णालयात देखरेखीखालीच घ्यावीत.

आतड्याचा दाह आटोक्यात आल्याखेरीज भरलेला साठा टिकत नाही, म्हणून आजार सक्रिय असताना निदान दर तीन महिन्यांनी आणि शांत असताना सहा ते बारा महिन्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी.