पेन्सिल काढली तर?

पेन्सिलीत दोन कडी-चुंबक समान ध्रुव समोरासमोर येतील असे ओवले की वरचा अधांतरी राहतो. हा प्रयोग आपण वर्गात करतोच. मग एखादी मुलगी विचारते, "सर, पेन्सिल काढली तर?" काढली की चुंबक उलटतो आणि खालच्याला चिकटतो. दोष हाताचा नाही. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरा चुंबक स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांच्या १८४२ सालच्या गणितातून निघते.

पण तरंगवायचे तरी कशाला? एखादी मोटर सर्व बाजूंनी दहापट लहान केली, तर तिचे वजन हजारपट घटते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. घासणे आणि चिकटणे ही कामे पृष्ठभागाची. म्हणून मिलिमीटरहून लहान मोटरीचा आस लवकर झिजतो, नाहीतर चिकटूनच बसतो. तेल घालावे तर तिच्या लेखी ती काकवी!

सुटकेची वाट 'स्थिर' या शब्दातच आहे. वेटोळ्यात प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की वर ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीत आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि चकती वर ढकलली जाते. लेन्झचा नियम सांगून आपण बहुधा इथेच थांबतो, पण खरी गंमत पुढे आहे. चकतीतला प्रवाह प्रवर्तित विद्युतदाबाबरोबर तंतोतंत चालला असता, तर प्रत्येक आवर्तनात जेवढे प्रतिकर्षण तेवढेच आकर्षण होऊन बेरीज शून्य आली असती. चकतीच्या स्वप्रवर्तनामुळे प्रवाह मागे रेंगाळतो, म्हणून प्रतिकर्षण वरचढ ठरते. हे रेंगाळणे स्वप्रवर्तन भागिले रोध यावर अवलंबून असते. आकार शंभरपट लहान केला की स्वप्रवर्तन शंभरपट घटते आणि रोध शंभरपट वाढतो, म्हणजे भागाकार दहा हजारपट कमी होतो. प्रयोगशाळेत ५ सेंटिमीटरची कडी ५० हर्ट्झवर उडत असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या तशाच कडीला ५ लाख हर्ट्झ हवेत. चकती केसासारखी पातळ असेल तर त्याहूनही जास्त!

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात १९९० च्या दशकात अर्ध्या मिलिमीटरच्या सुमाराची अशी चकती तरंगवून फिरवली गेली. ती कडेला घसरू नये म्हणून बाहेरून आणखी एक वेटोळे होते. हेतू जायरोस्कोपचा होता. फिरती चकती आपली दिशा सहजी सोडत नाही. पेटी कलली की चकती आणि खालच्या पट्ट्या यांतले अंतर बदलते, त्याबरोबर धारिता बदलते, आणि ती मोजता येते.

झीज टळली, पण उष्णता राहिली. उचलून धरणारे आवर्त प्रवाहच चकती तापवतात, आणि ती उष्णता वाहून न्यायला आसही नाही. आपल्या मोबाइल फोनमधल्या जायरोस्कोपने वेगळाच मार्ग धरला आहे. तिथे काहीच फिरत नाही, सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांवर टांगलेला तुकडा नुसता कंप पावत असतो.