एकालाच दिसणारं चित्र

पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड आपल्या ओळखीचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडून पाहिले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे वर्धित वास्तव, हे त्यापुढचं पाऊल. कोडमुळे फोनवर दुसरं पान उघडतं. इथे मात्र समोरच्या दृश्यावरच चित्र येऊन बसतं. फोन पानावरचे ठळक कोपरे आणि कडा ओळखतो, त्यांच्या मांडणीवरून कॅमेऱ्याचं अंतर व कोन काढतो आणि फोन हलेल तसं चित्र नव्यानं रेखाटतो. म्हणून हृदयाच्या आकृतीभोवती फोन फिरवला, की मागची बाजूही दिसते.

पण फळ्यावरची आकृती सर्वांना दिसते. ही फक्त फोनवाल्याला. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ खेळणाऱ्यांना रस्त्यात प्राणी दिसत होते, शेजारच्यांना नुसती गर्दी!

बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बोचतो. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात, बहुधा फोनही त्यांच्याबरोबर जातो. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेलं मूल ‘घरी फोनवर बघून या’ म्हटल्यावर काय बघणार?

मग आपण काय करू शकतो? एका फोनभोवती चार मुलं बसवू या. एकानं बघून सांगावं, इतरांनी प्रश्न विचारत आकृती काढावी. मग फोन सर्वांकडे फिरवून आकृत्या पडताळाव्यात. घरचा अभ्यास मात्र फोनशिवाय होईल असाच द्यावा.