काटा वर गेला म्हणजे गाडी तापलीच असं नाही



या आठवड्याचा व्हिडिओ गाडीवर आहे. काही जण विचारतील, बिझनेसच्या चॅनलवर इंजिन कुठून आलं? कारण सरळ आहे. तुमच्यातले निम्मे लोक पहिली मोठी खरेदी म्हणून सेकंड हँड व्हॅन किंवा छोटा टेम्पो घेतात. मग एक दिवस टेंपरेचरचा काटा वर जातो आणि धंद्याचा पैसा गॅरेजमध्ये जायला लागतो. माझा गेलाय, म्हणून सांगतो.

वाईत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. स्ट्रॉबेरीच्या सीझनला डबे आणि पुठ्ठ्याची खोकी पसरणी घाटाने वर पाचगणीकडे पोचवायची, हे माझं मोठं काम. त्यासाठी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली होती. ऐन जानेवारीत काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला.

मी गॅरेजला गेलो आणि एकच वाक्य बोललो, "गाडी तापतेय."

त्यांनी आधी थर्मोस्टॅट बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग वॉटर पंप बदलला, रेडिएटर साफ केला. बिल झालं साडेनऊ हजार. काटा तरीही वर! शेवटी सांगण्यात आलं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." अंदाज बावीस हजार, आणि व्हॅन आठ दिवस उभी. सीझनमध्ये आठ दिवस गाडी उभी म्हणजे काय, हे ज्याने माल पोचवलाय त्यालाच कळेल.

मिस्त्री काकांचा एक प्रश्न

आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. आता फारसं काम करत नाहीत. मी रडगाणं सांगितल्यावर त्यांनी बोनेटला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, "काटा कधी वर जातो रे?"

मी म्हटलं, "येताना, काका. संध्याकाळी."

"आणि भरलेली गाडी घाट चढताना?"

"तेव्हा मधोमध असतो."

काका हसले. "म्हणजे दुपारच्या उन्हात, माल भरून, घाट चढताना तापत नाही. आणि थंडीत, रिकामी, उतारावर तापते? इंजिन उलटं शिकलंय का?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. महिनाभर रोज मीच चालवत होतो, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकांनी गाडी सुरू करून उभी ठेवायला लावली. काटा मधोमध आला. मग म्हणाले, "आता हेडलाईट लाव." मी लावले आणि काटा झटकन वर! लाईट बंद, काटा खाली. इंजिनमधलं पाणी आणि एवढं लोखंड एका सेकंदात गरम-गार होऊ शकत नाही. म्हणजे तापत काहीच नव्हतं. डॅशबोर्डच्या मीटरची अर्थिंगची वायर गंजून सैल झाली होती. लाईटचा करंट परत जायला नीट वाट मिळाली नाही की मीटरचा हिशोब बिघडतो. संध्याकाळी लाईट लागायचे, म्हणून काटा संध्याकाळी वर जायचा.

वायर घासून, स्क्रू आवळून दिला. खर्च दीडशे रुपये. खात्री म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या रबरी होजवर माप घेतलं, ८५ अंशांच्या आसपास. बहुतेक गाड्यांत इंजिनचं पाणी साधारण ९० ते १०० अंशांवरच चालतं, त्यामुळे हे अगदी बरोबर होतं. (माप घेताना चकचकीत धातूवर घेऊ नका, आकडा चुकतो. काळं रबर चांगलं.)

चूक गॅरेजची की माझी?

पहिले चार दिवस मी गॅरेजला शिव्या दिल्या. नंतर लक्षात आलं, अर्धी चूक माझी आहे. मी त्यांना काय दिसलं ते सांगितलंच नाही, थेट माझा निष्कर्ष सांगितला. "गाडी तापतेय" हा निष्कर्ष होता. "संध्याकाळी उतारावर काटा वर जातो" हे मी पाहिलेलं होतं. आपण निष्कर्ष दिला की समोरचा त्याच निष्कर्षावर पार्ट बदलत सुटतो. बीबीएला असताना 'आधी प्रॉब्लेम नीट मांडा' हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. गाडीच्या वेळी विसरलो.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी 'कधी' याचं उत्तर लिहून काढा. त्यावरून बरंच कळतं:

- ट्रॅफिकमध्ये किंवा उभी असताना काटा चढतो, पळायला लागली की उतरतो: आधी रेडिएटरचा पंखा बघा. गाडी पळताना वारा आपोआप लागतो, उभी असताना सगळं काम पंख्याचं. फ्यूज, रिले, वायर हे स्वस्त भाग आधी, मोटर नंतर.
- घाटात किंवा हायवेला, लोडवर चढतो: रेडिएटर चोकअप असू शकतो, किंवा वॉटर पंप कमजोर. बाहेरून चिखल आणि किडे, आतून क्षार. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतणाऱ्यांनी इकडे खास लक्ष द्या.
- सुरू केल्यावर थोड्याच वेळात चढतो: कूलंट कमी, आत हवा अडकलेली, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला. इंजिन तापलंय पण रेडिएटरकडे जाणारं पाणी गारच, असं असेल तर संशय थर्मोस्टॅटवर.
- कूलंट सारखं कमी होतं: गाडीखाली डाग, होजचे जोड आणि रेडिएटर कॅप बघा. बाहेर गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं, टाकीत बुडबुडे येतात, असं असेल तर मग हेड गॅस्केटचं नाव काढा. तेही टेस्ट करून, नुसत्या अंदाजाने नाही.
- लाईट, वायपर, ब्लोअर लावला की काटा हलतो: आधी वायरिंग आणि अर्थिंग.

कॅपबद्दल एक गोष्ट. ती म्हणजे नुसतं झाकण नाही, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करते. दाब धरून ठेवला की पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की दाब राहत नाही आणि चांगलं इंजिनही उकळी फोडतं. बावीस हजारांच्या आधी ही कॅप तपासायला काय हरकत आहे?

पण काट्याला खोटारडाही समजू नका

माझी गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, "काटा वर गेला तर जाऊ दे, वायरच असेल." अजिबात नाही. जोपर्यंत मोजलं नाही, तोपर्यंत काटा खरा धरायचा.

माझ्या एका बॅचमधला मुलगा डबे पोचवायचा. त्याचं उलटं झालं. होज फाटून सगळं कूलंट रस्त्यावर गेलं आणि काटा मात्र खालीच. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच उरलं नाही तर तो काय सांगणार? हा बिचारा काटा बघून तसाच चालवत राहिला. हेड वाकलं आणि इंजिनचं मोठं काम निघालं. करपट वास, गाडीची ओढ कमी होणं, चालू हीटरमधून अचानक गार हवा येणं, या खुणा काट्याइतक्याच महत्त्वाच्या.

खरंच तापली असेल तर एसी बंद करा, हीटर फुल करा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम असताना कॅप उघडायची नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. ऑर्डर लेट झाली तर होऊ दे.

घरचा अभ्यास

गाडीत एक छोटी वही ठेवा. चार रकाने: वेळ, रस्ता (चढ, उतार की ट्रॅफिक), लोड किती, काय काय चालू होतं. आठवडाभर लिहा आणि वही गॅरेजवाल्याच्या हातात द्या. चांगला मिस्त्री ती वाचूनच निम्मं काम संपवेल. आणि कोणी न मोजता "इंजिन खोला" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "कशावरून?"

हीच सवय गल्ल्यावर बसतानाही लावा. "विक्री पडली" असं म्हणण्याआधी कोणत्या वारी, कोणत्या मालाची, कोणत्या गिऱ्हाइकाची, हे लिहा. कधी कधी पडलेली विक्री नसते, न मांडलेली उधारी असते.

माझं नुकसान साडेनऊ हजारांवर थांबलं नाही. त्या गडबडीत दोन बागायतदारांना खोकी वेळेवर मिळाली नाहीत, त्यांनी दुसरीकडून घेतली. एक जण पुढच्या सीझनला परत आला. दुसऱ्यांना अजून दर डिसेंबरला फोन करतो. ते गोड बोलतात, पण ऑर्डर देत नाहीत.