कर्तरी, कर्मणी आणि कॉम्प्युटर

मैत्रिणींनो, शाळेत असताना कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आपण सगळ्यांनीच घोकले. परीक्षा संपली आणि विसरूनही गेलो. मी अर्धवेळ शिक्षिका म्हणून मराठी शिकवते, त्यामुळे माझी काही त्यांच्यातून सुटका नाही! पण याच व्याकरणावरून आमच्या घरात वादळ उठेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मोठ्या जाऊबाईंची मुलगी बारावी सायन्सला आहे. गणितात हुशार, पण सारा जीव भाषेत. दिवाळीत आमच्याकडे आली होती. मी वह्या तपासत होते. ती म्हणाली, "काकू, 'सुमनने आंबा खाल्ला' आणि 'सुमनने पोळी खाल्ली'. खाणारी एकच, मग क्रियापद का बदललं?"

"कर्मणी प्रयोग! क्रियापद कर्माप्रमाणे चालतं," मी सवयीने सांगितलं.

"ते ठाऊक आहे गं. पण कॉम्प्युटरला हे कसं शिकवायचं?"

मी गप्प! रात्री जेवताना तिने सांगून टाकलं की, तिला भाषाच शिकायची आहे. भाऊजींना मुलगी इंजिनिअर व्हायला हवी. "भाषेने पोट भरत नाही," ते म्हणाले. ती ताटावरून उठली. जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मला माझी अकरावी आठवली. मला गणितही आवडायचं. पण "एक काय ते ठरव" असं घरी सांगितलं, आणि मी बी.ए.ला गेले. मराठीचा पश्चात्ताप नाही. गणित सुटल्याची रुखरुख मात्र अजून आहे. म्हणून या वेळी मी पदर खोचून चौकशीला लागले.

आणि काय सांगू! भाषा आणि गणित दोन्ही लागतात असा विषयच आहे. संगणकीय भाषाविज्ञान त्याचं नाव. माणसाची भाषा यंत्राला कशी उमगावी, याचं हे शास्त्र. मोबाईलवरचं भाषांतर, बोललेलं टाइप होणं, प्रश्नाला उत्तर मिळणं, हे सगळं त्यातलंच.

आपल्याला सोपं वाटतं ते यंत्राला किती अवघड, पाहा. 'पत्र वाचलं' म्हणजे कुणी ते वाचलं, की आगीतून ते वाचलं? 'सुमनने वाचलं' म्हटलं की लगेच कळतं. त्या एका 'ने'वर सारा अर्थ! शिवाय आपला शब्द कधी एका रूपात राहत नाही. पाणी, पाण्याला, पाण्यातला, पाण्यापेक्षा. यंत्राला आधी प्रत्यय सोडवून मूळ 'पाणी' शोधावं लागतं. आपलं सामान्यरूप इथे कामाला येतं! शब्दांचे अर्थ एकमेकांशी जोडणारं मराठी शब्दजाल मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालं आहे. पाणिनीने सुमारे ४ हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बसवलं, त्याचाही अभ्यास या विषयातले लोक आवडीने करतात.

हा विषय बारावीनंतर लगेच शिकता येतो. हैदराबादच्या आय.आय.आय.टी.त पाच वर्षांचा जोडअभ्यासक्रम आहे. कॉम्प्युटरची बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानातली संशोधनाची एम.एस., अशा दोन पदव्या मिळतात. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत असते. नियम त्या-त्या वर्षीचे वाचावेत आणि फीची चौकशी आधीच करावी. ती थोडीथोडकी नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा कथा-कवितांचा अभ्यास नव्हे. उच्चारशास्त्र, वाक्यरचना, अर्थविचार यांच्या जोडीला प्रोग्रॅमिंग आणि संभाव्यतेचं गणित असतं. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलीला केवळ नाव छान म्हणून तिकडे ढकलू नका. तिला निव्वळ भाषेची ओढ असेल, तर पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम.ए. करता येतं.

मुलीला हे जमेल का, ते कसं कळावं? भाषाविज्ञानाचं ऑलिंपियाड असतं, त्यातली कोडी घरी सोडवायला द्या. अनोळखी भाषेतली चार वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात. त्यावरून नियम शोधायचा. आधीचं ज्ञान काही लागत नाही. २०१६ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या म्हैसूरला भरली होती. आमच्या पुतणीने असं एक कोडं ओट्याशी उभं राहून सोडवलं. तोवर माझी आमटी उतू गेली!

मग अभ्यासक्रमाचे कागद मी भाऊजींसमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "यात गणित आहे की भरपूर!" लेकीने हळूच म्हटलं, "बाबा, मी तेच तर सांगत होते." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "फॉर्म भर. पुढचं पुढे." प्रवेश मिळेल की नाही, देव जाणे. पण त्या रात्री ती पोटभर जेवली.

मैत्रिणींनो, २०११च्या जनगणनेत ८ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. या भाषेचे बारकावे यंत्राला शिकवणारी माणसं आपल्याच घरांतून निघायला हवीत ना? तुमच्या लेकीने असा आगाऊ प्रश्न विचारला, तर तिला गप्प बसवू नका. आणि "गणित की भाषा?" हा प्रश्न तर मुळीच विचारू नका!