पक्ष आणि मतदार (लेखांक 6) : गोव्यातील अनुदानाचा पेच

2011च्या जनगणनेनुसार गोव्यात हिंदू सुमारे 66 टक्के आणि ख्रिस्ती 25 टक्के आहेत. विधानसभेच्या जागा 40, मतदारसंघ छोटे. त्यामुळे थोडक्या मतांनीही निकाल फिरतो. हिंदुत्वाच्या विचारावर उभ्या असलेल्या भारतीय जनता पक्षाला इथे स्वबळावर सत्ता हवी, तर कॅथलिक मतदाराचा विश्वास मिळवावाच लागतो. या विश्वासाची कसोटी लागली ती प्राथमिक शाळांच्या अनुदानावर.

शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, 1990च्या सुमारास, मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. चर्चच्या बहुतेक शाळांनी तेव्हा इंग्रजी सोडून कोकणी माध्यम स्वीकारले. मात्र पालकांचा ओढा इंग्रजीकडेच राहिला. 2011 मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला आणि भाजप त्याच्यासोबत होता.

2012च्या निवडणुकीत भाजपचे मनोहर पर्रीकर यांनी सहा कॅथलिकांना उमेदवारी दिली. म्हापशाचे फ्रान्सिस डिसोझा, कळंगुटचे मायकल लोबो, कुठ्ठाळीचे माथानी साल्ढाणा असे सहाही जण निवडून आले आणि पक्षाचे 21 आमदार झाले. सहा जागा वजा केल्या तर बहुमत उरत नव्हते. सत्तेवर आल्यावर पर्रीकरांनी चर्चच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले.

मंचाच्या दृष्टीने हा शब्द फिरवणे होते, आणि तो राग समजण्यासारखा होता. मुलाने पहिली अक्षरे कोणत्या भाषेत गिरवावीत, हा मुळात शिक्षणाचा प्रश्न. त्याला धर्माचा रंग देणे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे होते. अल्पसंख्याकांच्या बाजूने घटनेचे कलम 30 होते: आपल्या संस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क, आणि अनुदान देताना केवळ अल्पसंख्याकांची संस्था म्हणून भेदभाव करण्यास मनाई. पण एखाद्या माध्यमाला अनुदान मिळालेच पाहिजे, असे ते कलम म्हणत नाही. म्हणजे निर्णय राजकीयच होता, आणि त्याची किंमत पक्षाला घरातच मोजावी लागली.

याच वादातून ऑगस्ट 2016 मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या पाठीशी शेकडो स्वयंसेवक उभे राहिले. त्यातून गोवा सुरक्षा मंच निघाला आणि 2017ची निवडणूक त्याने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) व शिवसेनेबरोबर लढवली. त्याला एकही जागा मिळाली नाही. पण भाजप 21वरून 13वर आला. या 13 आमदारांपैकी सात कॅथलिक होते. काँग्रेसचे 17 निवडून आले असतानाही पर्रीकरांनी गोवा फॉरवर्ड पक्ष, मगो आणि अपक्षांना जोडून सरकार बनवले.