शर्यत, प्रहार आणि शेजारचा खेळाडू : वाहन-युद्ध शर्यतीच्या व्हिडिओ गेमचे स्वरूप

प्रस्तावना :

मराठवाडा आणि विदर्भाच्या ग्रामीण जीवनात शर्यतीचे स्थान जुने आहे. शंकरपटावर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली, तर महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेली कायदादुरुस्ती १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने वैध ठरविली. या संपूर्ण वादात मूळ प्रश्न एकच होता : शर्यतीत वेदना कोणाला होते? व्हिडिओ गेममध्ये प्रतिस्पर्ध्याला धडक देणे, लाथ मारणे किंवा अस्त्र फेकणे हाच ज्या शर्यतीचा नियम असतो, तिच्याविषयी विचार करतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या प्रकाराची रचना, त्याचा प्रसार आणि एकत्र बसून खेळण्याचे त्यातील महत्त्व यांचा विचार केला आहे.

संकल्पना व विकास :

वाहन-युद्ध शर्यत म्हणजे वेग आणि प्रहार यांचा संयोग होय. केवळ पुढे जाणे पुरेसे नसते. इतरांना रोखावेही लागते. १९७६ मध्ये एक्सिडी या अमेरिकन कंपनीच्या 'डेथ रेस' या यंत्रावर दोन स्टिअरिंग चाके होती. पडद्यावरील आकृत्यांना गाडीने चिरडल्यास गुण मिळत. व्हिडिओ गेममधील हिंसेविषयी पहिला मोठा सार्वजनिक वाद याच यंत्रामुळे उद्भवला. मात्र दोन अनोळखी माणसेही त्या यंत्रासमोर खांद्याला खांदा लावून उभी राहत, ही बाब त्या वादात दुर्लक्षित राहिली.

१९९२ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'सुपर मारिओ कार्ट' आणला. त्यात पडदा आडवा विभागून दोन खेळाडूंना एकाच वेळी शर्यतीत उतरता येई. १९९६ च्या 'मारिओ कार्ट ६४' मध्ये ही संख्या चारवर गेली. या खेळातील अस्त्रवाटपाची पद्धत विशेष लक्षणीय आहे. आघाडीवरील खेळाडूला बहुधा केळीच्या सालीसारखी किरकोळ वस्तू मिळते, तर मागे पडलेल्याला प्रभावी अस्त्र मिळण्याची शक्यता अधिक असते. ही पद्धत वरकरणी अन्यायकारक वाटते. वस्तुतः तिच्यामुळेच निष्णात आणि नवखा, थोरला आणि धाकटा एकाच शर्यतीत शेवटपर्यंत टिकून राहतात. एकट्याच्या कौशल्याची कसोटी घेणे हा येथे मुख्य हेतू नसून सर्वांना खेळात धरून ठेवणे हा आहे.

महाराष्ट्रातील प्रसार :

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडण्याच्या स्वस्त यंत्रांमुळे हे खेळ मध्यमवर्गीय घरांत आले. त्यांतील 'बॅटल सिटी' (१९८५) हा रणगाड्यांचा खेळ दोघांना मिळून खेळता येई. तो शर्यतीचा खेळ नव्हता. परंतु त्यात सोबत्याला चुकून गोळी लागली, तर सोबत्याचा रणगाडा काही क्षण जागीच थिजे आणि खोलीत वादाला तोंड फुटे.

पुढे संगणक आला. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाबरोबर संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्या काळातील सायबर कॅफेत व प्रशिक्षण वर्गांत सर्वपरिचित झालेला खेळ म्हणजे 'रोड रॅश'. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने तो प्रथम १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रासाठी काढला. विंडोज संगणकासाठीची आवृत्ती १९९६ ची. मोटारसायकलवरून प्रतिस्पर्ध्याला ठोसे व लाथा मारणे, त्याच्या हातातील दंडुका हिसकावून घेणे, पडल्यास धावत जाऊन गाडी गाठणे आणि पोलिसांच्या हाती लागल्यास दंड भरणे, अशी त्याची रचना होती.

१९९२ च्या 'रोड रॅश २' मध्ये विभाजित पडद्याची सोय होती. आपल्याकडे मात्र एका संगणकावर एक जण खेळे आणि मागे उभे असलेले मित्र पाळीची वाट पाहत सूचना देत. पाळी कोणाची, किती वेळाची, हे संगणक ठरवीत नसे. ते मुले आपसांत ठरवीत. तडजोड, रुसवा आणि समेट यांचे शिक्षण पडद्याबाहेर घडत होते.

सद्यःस्थिती :

स्मार्टफोनचा पडदा वैयक्तिक आहे. तो चौघांत विभागणे सोयीचे नसते. त्यामुळे पारावर शेजारी बसलेली चार मुले चार वेगळ्या खेळांत गुंतलेली दिसू शकतात. ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी असतो, परंतु त्याचा चेहरा दिसत नाही. प्रहारानंतर शेजाऱ्याचे हसणे किंवा चिडणे कळते, तेव्हाच तो प्रहार खेळ म्हणून मर्यादेत राहतो. हे नियंत्रण दूरस्थ खेळात क्षीण होते. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. आर्थिक हानीचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आला. तथापि एकाकीपणाचा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही.

समारोप :

विद्यार्थी 'गेम खेळतो' एवढ्या माहितीवरून प्राध्यापकांनी निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. तो काय खेळतो याइतकेच कोणाशेजारी बसून खेळतो हे महत्त्वाचे आहे. वाहन-युद्ध शर्यतीतील हिंसा कृत्रिम असते, पण तिच्याभोवती जमणारी सोबत खरी असते. वसतिगृहात किंवा जिमखान्यात कॅरम व बुद्धिबळाशेजारी एक जुना टीव्ही आणि दोन नियंत्रक ठेवण्याचा विचार म्हणूनच हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. शंकरपटाच्या वादात ज्याची वेदना विचारात घ्यावी लागली, तो बैल बोलू शकत नव्हता. येथे शेजारचा खेळाडू बोलू शकतो. त्याचे बोलणे ऐकू येईल एवढ्या अंतरावर खेळ राहावा, हीच अपेक्षा.